ठेका थांबता कामा नये

३ ऑगस्ट, सोमवार

पोचले एकदाची! कोंबी टॅक्सीवाल्याने दोन थांबे पुढे नेऊन सोडलं, म्हणून आधी त्याच्याशी यथेच्छ भांडले. मग गोणपाटात गुंडाळलेली माझी म्बिरा, आजोबांनी शिकवलेलं लोखंडी पट्ट्यांचं वाद्य, डोक्यावर घेतली आणि तेवढंच अंतर मागे चालत आले. तरी मन प्रसन्न आहे. हरारेचं हे कंबुझुमा मला बघताक्षणी आवडलं. अंगणाअंगणात पेरूची झाडं, कुंपणांवर वाळत घातलेल्या चादरी, आणि दर घरातून वेगळं गाणं.

ज्यांच्या स्टुडिओत वाजवायला आले ते बाबा मुसोना फाटकाशीच उभे होते. कडक इस्त्रीचा शर्ट, चर्चमध्ये प्रवचनाला निघाल्यासारखे. त्यांच्या बायकोने, माई मुसोनांनी, आधी पाणी दिलं, मग साडझ्याचा, म्हणजे मक्याच्या पिठाचा, वाफाळता गोळा, पालेभाजी आणि तळलेले सुके मासे. मी दोनदा वाढून घेतलं. माई म्हणाल्या, "खा गं पोटभर, अंगठ्यांत बळ नको का?"

जूनमध्ये मुटोकोच्या एका लग्नात बाबांनी मला ऐकलं होतं. तिथेच येऊन म्हणाले, "नेत्साय, तुझे अंगठे माझ्या मशीनला हवेत." मुटारेत ज्या हॉटेलात वाजवायचे ते बंद पडल्यापासून मी घरी बसून आईशी भांडत होते, त्यामुळे विचारच केला नाही. त्यांची आधीची वादक गेली म्हणे. कुठे गेली ते मी विचारलं नाही.

स्टुडिओ म्हणजे मागचं जुनं गॅरेज. मधोमध काच. अलीकडे बाबांचं टेबल आणि कॉम्प्युटर, पलीकडे वादकाची खोली. सगळं सोलरवर चालतं, म्हणून काम सकाळी नऊ ते दुपारी चार. मला राहायला वेगळी खोली आहे आणि दाराची कडी आतून आहे. हॉटेलात तीही नव्हती.

५ ऑगस्ट, बुधवार

आज पेडल जमलं! लिहून ठेवते, नाहीतर उद्या विसरेन.

म्बिरा वाजवायची म्हणजे दोन अंगठे आणि एक तर्जनी सतत लोखंडी पट्ट्यांवर. बटण दाबायला हात उचलला की सूर तुटला. म्हणून पाय. माझ्या शेजारच्या मशीनमधून ढोल आणि खुळखुळ्याचा ठेका चालू असतो. आवर्तन संपत आलं की पेडल अलगद दाबायचं. मशीन लगेच सुरू होत नाही, समेसाठी थांबतं. सम आली की लाल दिवा. चार आवर्तनं वाजवायची, पुन्हा दाबायचं. दिवा हिरवा होतो आणि वाजवलेला तुकडा आपोआप गोल गोल फिरायला लागतो. हेच लूप. आणखी एकदा दाबलं की त्यावर दुसरा थर चढतो. एवढ्या सगळ्यात हात उचलायचा नाही आणि ठेका तुटू द्यायचा नाही. बाबा काचेपलीकडून माइकमध्ये सारखे म्हणत होते, "काहीही होवो, ठेका थांबता कामा नये."

सकाळभर चुकले. पाय लवकर पडायचा नाहीतर उशिरा. मला स्वतःचाच एवढा राग आला की पेडलला शिवी दिली. जेवणानंतर मात्र जमलं.

म्बिरेला खरं तर दोन माणसं लागतात. एक पुढे वाजवतो, दुसरा त्याच्या मधल्या जागा भरतो. आजोबा पुढे, मी मागे. ते गेल्यापासून पाच वर्षं मी अर्धंच गाणं वाजवत होते. आज मी पुढचं वाजवलं, पाय दाबला, ते फिरायला लागलं, आणि मग माझ्याच मागे मी वाजवलं. डोळे भरून आले. बाबांनी काचेतून बघून न बघितल्यासारखं केलं, ते बरं केलं.

एकोणतीस तारखेला, शनिवारी, रेडिओवाले इथे येणार आहेत. याच खोलीतून तासभर थेट प्रक्षेपण, मध्ये एकदाही न थांबता. बाबा दहा वर्षं या दिवसाची वाट बघतायत.

८ ऑगस्ट, शनिवार

एक चमत्कारिक गोष्ट.

आज फक्त पुढचा भाग भरला आणि ऐकत बसले. चौथ्या फेरीला त्यात मागचा भाग ऐकू यायला लागला. मी वाजवलेला नव्हता. आधी वाटलं, परवाचं काहीतरी उरलंय. पण परवाचं असतं तर माझ्या हातचं असतं. हे वादन माझं नव्हतं. माझी डावी बाजू जड आहे, आजोबा त्यावरून ओरडायचे. हे हलकं होतं, चपळ, आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी टाच आपटल्यासारखा एक ठोका.

बाबा धावतच आत आले, चेहरा उजळलेला. "हे! हेच पाहिजे! एनिया असंच वाजवायची—"

मी विचारलं, एनिया कोण? म्हणाले, तुझ्या आधीची. विचारलं, मग तिचं वादन माझ्या लूपमध्ये कसं? म्हणाले, जुनं मशीन आहे, कुठलं तरी सेव्ह केलेलं वर येतं.

असेल. पण माझ्या वादनाला "बरं आहे" आणि तिच्या उष्ट्याला "हेच पाहिजे"? रागाने जेवण गेलं नाही.

११ ऑगस्ट, मंगळवार

सुट्टीचा दिवस. अंगणात कपडे धूत होते, तेवढ्यात फाटकाशी एक म्हातारी आली. डोक्याला काळा रुमाल, हातात शेंगदाण्यांची पुडी. मला बघून टाळ्या वाजवून रीतसर नमस्कार केला आणि म्हणाली, मुसोनांना सांग, एनियाची आई आली आहे.

बाबा बाहेर आले. त्यांनी तिला फाटकाच्या आतसुद्धा घेतलं नाही. आपल्याकडे शत्रूच्या आईलाही उभं ठेवत नाहीत! ती एवढंच मागत होती की मुलीचं वाजवणं एकदा ऐकवा. बाबा म्हणाले, "आंबुया, आजीबाई, किती वेळा सांगू? काही शिल्लक नाही. पुसलं गेलं सगळं."

पुसलं गेलं? शनिवारी मी काय ऐकलं मग?

म्हातारी शेंगदाण्यांची पुडी फाटकाच्या खांबावर ठेवून गेली. मी माईंना विचारलं, एनिया कुठे आहे आता? माई कपडे पिळत राहिल्या. म्हणाल्या, "पुरली तिला. मागच्या सप्टेंबरात. फेफरं आलं होतं."

"गेली" म्हणजे ही अशी गेली होय! मला वाटलं होतं, जोहान्सबर्गला.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

तीन दिवस लूप पुसते आहे. पुसलं की मशीन विचारतं, नक्की? मी सांगते, नक्की. नवं भरते. चौथ्या फेरीला ती येते. आता टाचेच्या ठोक्याआधी श्वासही ऐकू येतो, भराभर घेतलेला, धावून आल्यासारखा.

आज माझे दोन्ही पाय स्टुलाच्या दांडीवर होते. डोळ्यांसमोर पेडल खाली गेलं. लाल दिवा लागला. चार आवर्तनं झाल्यावर पेडल पुन्हा खाली. हिरवा. कुठे चूक नाही, सम अगदी जागेवर.

मी किंचाळले. बाबा काचेमागून ओरडले, "पाय आवरता येत नाही का तुला? ठेका बिघडवलास!" मी म्हणाले, माझा पाय नव्हता. ते म्हणाले, "मग काय माझा होता?" मला त्यांच्या अंगावर म्बिरा फेकाविशी वाटली.

आणखी एक. पट्ट्यांना बोटं लावली की मुंग्या येतात, विजेच्या. वादकाच्या खोलीत चपला चालत नाहीत, माझ्या टायरच्या चपला माइकमध्ये करकरतात म्हणून. आज मुद्दाम घालून बसले. मुंग्या गायब. काढल्या. पुन्हा मुंग्या.

१७ ऑगस्ट, सोमवार

बाबा बाजारात गेले होते. मी कोपऱ्यातला जुना अँप्लिफायर भिंतीपासून ओढला. लोखंडी पेटी, तिच्यातून वायर मशीनला, मशीनमधून पेडलला आणि माझ्या म्बिरेला. प्लगला तीन पिना हव्यात. दोनच आहेत. अर्थिंगची पिन करवतीने कापलेली, कड अजून चकचकीत.

माईंना आत बोलावून दाखवलं. त्या दारातच थांबल्या, उंबरा ओलांडला नाही. म्हणाल्या, "घूं घूं आवाज यायचा गं, रेकॉर्डिंगमध्ये उतरायचा. म्हणून त्यांनी कापली." विचारलं, कधी? म्हणाल्या, एनिया असतानाच.

मग स्वतःहूनच बोलायला लागल्या, हाताने दाराची चौकट घट्ट धरून. एनिया गेली त्या दिवशी त्यांनी खोलीची फरशी पुसली होती. मग अंगणात भाजी निवडत बसल्या. आतून तेच चार आवर्तनांचं वाजवणं येत होतं, पुन्हा तेच, पुन्हा तेच. त्यांना वाटलं, आज पोरगी रंगात आली आहे. भाजी निवडून झाली, धुऊन झाली, चिरून झाली. वाजणं चालूच.

"मी गुणगुणत होते, नेत्साय," माई म्हणाल्या. "त्याच्याबरोबर मी गुणगुणत होते."

प्लग उपसून टाकला आणि अँप्लिफायर भिंतीकडे तोंड करून ठेवला. आता मशीन सरळ बाबांच्या टेबलाला जोडलंय.

१९ ऑगस्ट, बुधवार

अंग दुखतंय सांगून रजा घेतली आणि माईंकडून कळलं होतं त्या शेजारच्या मुफाकोसे वस्तीत गेले. एनियाच्या आईचं घर विचारत विचारत सापडलं. आंबुयाने चहा केला, पाव पुढे ठेवला. मी खोटं बोलणार होते, पण तिच्यापुढे जमलं नाही. सगळं सांगितलं.

तिने आपले दोन अंगठे आणि एक तर्जनी माझ्यापुढे धरली.

"मी न्हाऊ घातलं तिला," ती म्हणाली. "इथे, इथे आणि इथे. काळं पडलं होतं, चुलीतल्या लाकडासारखं. टाचेलाही एक. मी विचारलं त्याला. तो म्हणाला, फेफऱ्यात मशीनवर पडली. मी म्हातारी बाई. मशीन कुठे माहितेय मला? मी म्हटलं, असेल."

माझी बोटं आपोआप मुठीत गेली.

परतताना पोलीस चौकीत गेले. तिथल्या माणसाने वर न बघता सांगितलं, दाखल्यावर फेफरं लिहिलंय, तू कोण लागतेस तिची? मी म्हणाले, कुणी नाही. म्हणाला, मग झालं तर.

झालं तर! टेबल उलटं करणार होते. हात टेबलाखाली गेलेसुद्धा होते.

२० ऑगस्ट, गुरुवार

आजपासून मुसोनाला अहो-जाहो नाही. निदान या वहीत नाही.

सकाळीच तोंडावर विचारलं. आधी हसला. मग म्हणाला, मुटोकोची पोर मला वीज शिकवणार का. मी म्हणाले, तिच्या आईने बोटं बघितली आहेत. तुझ्या बायकोने भाजी चिरून होईपर्यंत ऐकलं आहे. तू काचेमागे बसला होतास. तुला दिसलं नाही?

तेव्हा तो भडकला. आणि भडकलेला माणूस खरं बोलतो.

"दिसलं! मान खाली गेली तेव्हा वाटलं, सुरात डोलतेय. मग कळलं. कळल्यावर मी काय करायला पाहिजे होतं? मेन बंद? मेन बंद केलं असतं तर सगळं गेलं असतं! सेव्ह झालं नव्हतं! अख्ख्या आयुष्यात तसं वाजणं मी ऐकलं नव्हतं आणि ते मशीनच्या पोटात नुसतं लोंबकळत होतं! मी कॉम्प्युटरवर सेव्ह दाबलं. स्क्रीनवरची पट्टी भरायला वेळ लागतो. एवढंच. पट्टी भरली आणि मी मेन बंद केलं."

विचारलं, किती वेळ?

टेबलावर त्याचा अंगठा वाजत होता. मागच्या भागाचा ठेका, अगदी बरोबर. त्याच्या लक्षातही नव्हतं.

म्हणाला, त्याच एका लूपवर गेलं वर्षभर त्याचं नाव चाललंय. लग्नं, चर्च, जाहिराती, सगळीकडे तेच. रेडिओवाल्यांनी तेच ऐकून बोलावलं. "ती मेलीच होती, नेत्साय. वाजणं तरी वाचवलं मी."

आंबुयाला मात्र म्हणे सगळं पुसलं गेलं.

२२ ऑगस्ट, शनिवार

काल बोचकं बांधलं होतं. फाटकापर्यंत गेले. माझा उजवा पाय वाळूत थांबून टाच आपटत होता. चार आवर्तनं, एक ठोका. चार आवर्तनं, एक ठोका. मी आपटत नव्हते.

परत आले. भीतीने आले म्हणायचं की रागाने, मला सांगता येत नाही. इथून गेले तर हा माणूस तिला आणखी एक वर्ष विकणार, मग आणखी एक. आंबुया फाटकाबाहेर शेंगदाणे ठेवत राहणार.

दुपारी मुफाकोसेला जाऊन तिला सांगितलं, पुढच्या शनिवारी दहा वाजता रेडिओ लाव. तुझी मुलगी वाजवेल. म्हातारीने माझे हात हातात घेतले. मग म्हणाली, "तिला म्हणावं, तुझ्यासारख्या पोरीला धरू नकोस. ज्याला धरायचं त्याला धर."

मला हसू आलं. मग येईना.

२५ ऑगस्ट, मंगळवार

आता आवाजही येतो. बाई मोजते आहे, वादक सुरू करताना मोजतात तसं. एक, दोन, तीन... आणि चार येतच नाही. तिथे टाचेचा ठोका. पुन्हा एक, दोन, तीन.

त्यालाही ऐकू येतं. मी बघितलं. काचेमागे पांढरा पडला होता. तरी माइकमध्ये म्हणाला, "छान. तेवढा तो आवाज शनिवारी बंद ठेव, बाकी असंच."

माई भावाकडे निघून गेल्या. जाताना मलाही चल म्हणाल्या. सांगत होत्या, हा जेवताना ताट वाजवतो. झोपेत वाजवतो. अंगठ्यांची सालं निघाली आहेत. "न्गोझी आहे हा," त्या म्हणाल्या. "अन्यायाने मेलेल्याचा राग. दुसरं काही नाही. तो कुणाचं ऐकत नाही."

मी गेले नाही.

२७ ऑगस्ट, गुरुवार

मी रागीट आहे, सगळं मुटोको जाणतं. पण माझा राग दुधासारखा. उतू गेला की खाली बसतो. हा बसत नाही. सकाळी उठते तर दात आवळलेले. भाजीवालीला ओरडले. कप फोडला, मुद्दाम, आणि तुकडे बघत उभी राहिले. बरं वाटलं.

हा एवढा राग माझा आहे का?

ठेका वाढतोय. मशीनवर आकडा तोच आहे. पण वाढतोय.

२८ ऑगस्ट, शुक्रवार

अंगठे काळपट दिसतायत. धुतले. शाई असेल. शाईच असेल —

त्याने अँप्लिफायर पुन्हा जोडला. म्हणतो, त्याच्याशिवाय म्बिरेच्या सुराला ऊब येत नाही. दोन पिनांचा प्लग. मी बघत होते. एक शब्द बोलले असते तर — नाही बोलले. का नाही बोलले? उद्या चपला घालूनच बसणार. त्याला तसं सांगितलं. करकर झाली तर होऊ दे.

तो म्हणाला, घाल बाई. भांडायचं त्राण नाही त्याच्यात. डोळे खोल गेलेत.

मला कीव यायला हवी होती.

२९ ऑगस्ट, शनिवार, सकाळचे दहा पंचवीस

चालू आहे. आत्ता, थेट. रेडिओवाले बाहेर त्यांच्या गाडीत. मी दोनच थर भरले आणि हात काढून घेतले. बाकीचं तीच वाजवते आहे. पुढचं, मागचं, सगळं. माझे हात रिकामे. म्हणून लिहिते — मांडीवर वही — कुणीतरी हे लिहून ठेवायला हवं —

आंबुया, ऐकते आहेस ना?

असं वाजणं मीही ऐकलेलं नाही. खरंच नाही. एवढ्यात तरी तो खोटं बोलला नव्हता —

मोजणं सुरू झालं. मोठ्याने. मी तो आवाज बंद ठेवलेला नाही. एक, दोन, तीन. देशभर जातंय.

काचेमागे तो उभा राहिला. हातांनी खुणा. बंद कर. तो थर बंद कर. मी मान हलवली. नाही.

त्याच्या टेबलावरून काही होत नाही, गाडीची तार सरळ मशीनमधून गेली आहे. मेन तो बंद करणार नाही. मेन बंद केलं तर ठेका थांबेल. तो आत येणार, बोटाने तेवढा एक थर मिटवायला —

आता आवाज मोजत नाही. नाव घेतोय. त्याचं नाव. पहिलं नाव, आईने ठेवलेलं, मला माहीतही नव्हतं —

दारात आला. सवयीने बूट काढले. मोजेही. सकाळी धूळ बसावी म्हणून त्यानेच या जमिनीवर पाणी मारलं होतं. अजून ओली आहे.

मशीनची पेटी लोखंडी आहे. अँप्लिफायर जोडलेला आहे.

ओरड, नेत्साय. हात लावू नका, एवढंच. ओरड. माणूस आहे तो. माईंचा नवरा आहे. तोंड उघडलंय मी. आवाज — बाहेर जे येतंय ते माझं नाही — ती बोलतेय, माझ्या —

चार पावलं. तीन.

रडतोय तो. मशीनकडे बघत नाही, माझ्याकडे बघतोय, माझ्याकडे नाही, माझ्या मागे —

मेन दाराशी आहे. मी उठून धावले तर — उठते. उठतेच आहे. पाय —

माझा पाय पेडलवर आहे. मी ठेवला नव्हता. आवर्तन संपत आलंय. खाली जातोय, अलगद, अगदी वेळेवर —

लाल दिवा —

त्याचा हात